बेट क्रमांक एकशे बारा

रबाळ्याच्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
लेझर खाडी कापत होता.
चार मिलिमीटरचा प्लाय, पाच थर:
सगळ्यात वर जमीन,
सगळ्यात खाली निळ्यात बुडवून वाळवलेलं
खोल पाणी.
मधले तीन थर भरती-ओहोटीच्या भांडणातले.

पडद्यावर रेघेला जाडी नसते.
लाकडात असते.
किरण रेघेच्या दोन्ही अंगांनी थोडं थोडं खातो,
म्हणून ऐरोलीचा किनारा
असतो त्याच्या केसभर आत सरकतो.
भिकाजी मेस्त्री म्हणाले, करवतही खाते,
पण भुसा तरी परत देते.
हे तुझं यंत्र खाऊन नुसता धूर सोडतं.

मेस्त्री देवरुखचे. पेन्सिली दोन्ही कानांवर,
कारण एक नेहमी हरवते.
चौकट त्यांच्याकडे होती:
वाशीतल्या मोडलेल्या ऑफिसाचं सागाचं दार,
खिळे उपसून, रंधा मारून,
चारही कोपऱ्यांना सालकूस.
स्क्रू मारू का विचारलं
तर गुण्या माझ्यावर रोखला, मास्तरांच्या पट्टीसारखा.

तिसऱ्या थरातलं एक बेट पडलं.
जाळीतून खाली, राखेच्या ट्रेमध्ये,
जिथे आदल्या आठवड्याच्या नावाच्या पाट्यांतली
'व'ची आणि 'ब'ची पोटं साचली होती.
नखाएवढं बेट. चाळून चाळून सापडेना.
फाइलमध्ये त्याला नाव नव्हतं, आकडा होता: एकशे बारा.
पुन्हा कापतो म्हटलं, तोवर मेस्त्रींनी
खिशातून फणसाचा तुकडा काढलेला
(खिशात का होता, हे विचारायचं नसतं)
आणि लहान पटाशीने, अंगठा वाचवत,
एकशे बारा कोरायला घेतलं.
पिवळंधमक झालं. जरा मोठंही.
बाकीच्या फिकट बेटांत
हळदीच्या अंगाने आलेल्या नवऱ्यासारखं.

मग कडा.
जिथे जिथे पाणी जमिनीला लागतं
तिथे तिथे लेझरने जाळून काळं करून ठेवलेलं.
मी पॉलिश कागद घेतला. सोसायटीने बजावलं होतं,
लॉबी पांढरी आहे, नकाशा स्वच्छ हवा,
आणि आमचा टॉवर पितळेचा.
मेस्त्रींनी घणसोलीपासून वाशीपर्यंत बोट फिरवलं,
ते काजळलेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.
"ओहोटीला कधी उतरलायस खाडीत?
मग हे घासून काय काढतोस?"

उतरलो नव्हतो. खाडी मी पुलावरून पाहतो,
हेल्मेटच्या काचेतून.
शेवटी पलीकडची बाजू, मुलुंड-विक्रोळीची, गोरी केली.
आमची तशीच राहिली.

नेरुळला टांगायला गेलो तर सेक्रेटरी बाहेरगावी.
शिडी धरायला वॉचमन, हसुराम, करावे गावचा.
त्याने नकाशा पाहिला नाही, आधी हात लावला.
पितळी टॉवर ओलांडून
एक पायरी, दोन पायऱ्या, निळ्यापर्यंत उतरला
आणि पाय भिजल्यासारखा परत आला.
"यं आता पानी नाय. गाल हाय, गुरघाभर.
यो निला काहाला केलास?"

सर्व्हे जुना असेल, मी म्हटलं.

"मंग आमी बी जुनं."

पिवळ्या बेटावर त्याचं बोट थांबलं.
मी ड्रिल बंद केलं. वाटलं, आता नाव सांगेल.
त्याने बेट हलवून पाहिलं.
"ये सुटंल," म्हणाला. "डिंक जास्ती लाव."

जाताना गेटच्या वहीत त्यानेच लिहिलं:
माझं नाव, आत, बाहेर,
आणि कामाच्या रकान्यात 'खारी लावली'.
शेजारी बोटाचा काळा डाग,
रकान्याच्या केसभर बाहेर.